स्वर्गातलं लंगडं स्टूल

"अहो आजी, डोकं जरा खाली घ्या की! तुमच्या अंबाड्यामागे अख्खा स्वर्ग झाकला गेलाय."

मागच्या खुर्चीतल्या बाईंची ही कुरकुर माझ्या सासूबाईंसाठी होती. आईंनी डोकं तसूभरही हलवलं नाही. सभागृह खच्चून भरलं होतं, आणि पडद्यासमोर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फुंकर महाराज गाल फुगवून उभे होते. त्यांनी पडद्यावरच्या धुक्यावर फुंकर मारली. धुकं हललं, विरलं, आणि हिरवीगार दरी उघडली. नदी, गवत, पलीकडे निळे डोंगर. सगळं सभागृह एका घशातून "आहा!" म्हणालं.

"तुमची गेलेली माणसं इथं राहतात," महाराज म्हणाले. "काय म्हणता, चित्र खरखरीत दिसतंय? ते कण म्हणजे तुमच्या मनातल्या शंका! गोळ्या आणि औषधं म्हणजे देहाचा मोह. मोह सोडा, शंका सोडा, मग बघा कसं लख्ख दिसतं!"

आईंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या त्या यासाठी. डॉक्टर बजावून थकले, आम्ही विनवून थकलो. शेवटी, हे प्रकरण आहे तरी काय, म्हणून मी त्यांच्याबरोबर आले होते. पडद्याकडे नीट पाहिलं आणि खुर्चीतून पडायचीच बाकी राहिले. ती दरी माझी होती.

म्हणजे मीच केलेली. मी संगणकावर डोंगरदऱ्या बनवते. शिकवायला कोणी नव्हतं, लेकीनं टाकून दिलेल्या संगणकावर चुकतमाकत शिकले. माझी पहिली नदी डोंगर चढत होती! गेल्या महिन्यात एका व्यवस्थापकानं 'ध्यानवर्गासाठी' निसर्गदृश्य मागितलं: आधी धुकं, मग दरी. मी त्याला टेस्ट रेंडर, म्हणजे कच्चं चित्र, पाठवलं. शिवण्याआधी कपडा टाचून अंगाला लावून बघतात, तसंच हे. प्रकाशाचे किरण हिशेबात धरून संगणक चित्र रंगवतो. टेस्टमध्ये वेळ वाचवायला थोडेच किरण, म्हणून चित्रावर वाळू सांडल्यासारखे कण. फायनलला भरपूर किरण, की चित्र स्वच्छ. महाराजांच्या भक्तांच्या शंका त्या एवढ्याच.

आणि टेस्टमध्ये मी गवतात एक स्टूल ठेवते. शेजारी ओळखीची वस्तू नसेल तर गवत घोट्याएवढं आहे की ताडाएवढं, ते कळत नाही. फायनलला ते काढून टाकते. स्टूल हुबेहूब आमच्या घरचं, माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, स्वतःच्या हातानं केलेलं. एक पाय तोकडा.

आईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "बघ, बघ! यांचं स्टूल! तो पाय बघ ना. आता येतील आणि बसतील बघ."

मला हसू फुटत होतं, आणि आईंकडे बघून हसवतही नव्हतं.

घरी आल्यावर मी सांगितलं, "आई, ते चित्र मी केलंय."

"तुझे डोंगर वेगळे. हा स्वर्ग आहे."

"अगं, असू दे ना," नवरा कुजबुजला. "तिला बरं वाटतंय." नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तो विषयच नको गं." आमच्या घरात अण्णा गेल्याचा विषय नसायचाच. स्टूल दाराशी, त्यावर कोणी बसायचं नाही. "अण्णांची जागा," एवढं म्हणून सगळे वळसा घालून जायचे.

तेवढ्यात व्यवस्थापकाचा फोन आला. "ताई, फायनल कधी देता? लोक म्हणतात, शंका संपल्या, तरी कण आहेतच!"

"देते की. पण ते माझ्याच लॅपटॉपवरून चालतं," मी बिनदिक्कत थाप मारली.

पुढच्या सभेला आईंना खुर्चीत बसवून मी पडद्याच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसले. महाराजांनी फुंकर मारली. मी काही सुरू केलं नाही. धुकं जागच्या जागी. पुन्हा फुंकर. पुन्हा. महाराज लालबुंद झाले, धापा टाकत पाणी प्यायला वळले, आणि मी बटण दाबलं. पाठमोऱ्या महाराजांमागे धुकं आपलं आपण विरलं.

पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

मी पुढे झाले. "नमस्कार. हा स्वर्ग माझा आहे. म्हणजे मी बनवलाय. बघा हं, हे स्टूल लाल करते."

स्टूल लाल झालं. व्यवस्थापक वायर उपटायला धावला, तर मागच्या सभेतल्या त्याच कुरकुऱ्या बाई आडव्या आल्या. "थांबा हो! बघू द्या की!"

"निळं करा!" कोणीतरी ओरडलं.

"उलटं करा!"

"दहावीस करा!"

दरीभर निळी स्टुलं पाय वर करून लोळायला लागली.

"नदी डोंगरावर चढवा!"

"ते तर मला पहिल्यापासून येतं," मी म्हणाले आणि चढवली. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या पिटत होते.

"ही माया आहे!" महाराज गरजले.

"आहेच महाराज. पण कष्टाची आहे." मी किरण वाढवले. बघता बघता कण निवळले, दरी लख्ख झाली. "यात कोणाच्या शंका गेल्या? शंका सोडू नका, बाबांनो. हे कोणी केलं, कसं केलं, माझी गोळी बंद करून कोणाचं भलं होतं, हे विचारत राहा. डोळे उघडे ठेवा, आणि औषध वेळेवर घ्या."

वळून पाहिलं तर महाराज बाजूच्या दारानं अंतर्धान पावले होते. तेवढा चमत्कार मात्र खरा.

घरी आलो. आई दारात थांबल्या. त्यांनी ते स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसल्या. स्टूल खडखडत एका बाजूला कललं. नवरा सावरायला पुढे झाला.

"शेवटपर्यंत पाय सारखे करता आले नाहीत यांना," आई म्हणाल्या. हसल्या, आणि मग डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं.

"गोळी आण गं माझी. हे गेले. आता नाहीत ते, कुठंच नाहीत."