टाचणीवरची दुसरी चिठ्ठी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कीटकशास्त्रज्ञ बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"काका, अभिनंदन! तुमचा टकटक्या भुंगेरा नवीन निघाला. ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही."

संग्रहालयात सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. एकतीस वर्षं ते इतरांनी पकडलेले भुंगेरे टाचणीवर लावत आले होते. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत चिठ्ठी : कुठे, कधी, कोणी पकडला. 'कोणी'च्या जागी त्यांचं स्वतःचं नाव असलेला हा एकच. उलटा पडला की टक्कन उडून सुलटा होणाऱ्यांपैकी. तांबूस, भाताच्या दाण्याएवढा.

"वर्णन संध्याकाळी पाचपर्यंत नियतकालिकाकडे पाठवते. पकडणारे म्हणून तुमचं नाव छापून येणार," बाई म्हणाल्या.

काकांनी सगळ्यांना चहा सांगितला. स्वतःचा अर्धाच प्यायला.

"बाई, चिठ्ठी चुकलीय."

"तारीख?"

"माणूस. हा आमच्या हिनं पकडला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, गाळणीखाली. मी नुसता इकडे आणला."

"सवयीनं लिहिलंत का?"

"नाही. मुद्दाम."

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "जुनी चिठ्ठी काढता येणार नाही, काका."

"माहितीये. तो नियम नव्या पोरांना मीच शिकवतो. जुनी राहते, दुरुस्ती खाली लागते."

त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तुझा किडा नवीन निघाला. कागदावर तुझं नाव घालतोय."

"माझंच घालायला हवं! किडा मी धरला, तुम्ही फक्त हमाली केलीत."

"पूर्ण नाव लिहू ना?"

"लिहा की. आणि अहो, माझी गाळणी कुठंय? तीन आठवडे फडक्यानं चहा गाळतेय मी!"

गाळणी काकांच्या टेबलाच्या खणात होती. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

काकांनी सर्वांत बारीक निबाचं पेन घेतलं. दुसरी चिठ्ठी लिहून वाळू दिली आणि टाचणीवर पहिलीच्या खाली सरकवली. चार वाजून चाळीस मिनिटांनी वर्णन रवाना झालं.

गाळणी त्याच संध्याकाळी घरी पोचली. नियतकालिकाचं उत्तर अजून आलेलं नाही. टकटक्या सातव्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात आहे. त्याच्या टाचणीवर दोन्ही चिठ्ठ्या आहेत.