बिनआवाजाचा मोर्चा

हवालदारबाईंचा आवाज मुळातच मऊ. चौकातली वाहतूक त्या शिट्टीने आणि हाताने वळवायच्या. ओरडून कुणाला सरळ केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. रोज पहाटे दिवा लावताना त्यांचं मागणंही एवढंच, की आज कुणाला खरचटू नये आणि आपल्या तोंडून कुणाला लागेलसं काही निघू नये. पण मोठ्या आवाजाच्या मोटारसायकली धरायचा हुकूम आला, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पावती फाडली ती सख्ख्या लेकीच्या नावाने.

आवाज मोजायचं यंत्र ठाण्यात नव्हतंच. साहेब म्हणाले होते, "कान आहेत ना? ज्याचा आवाज कानाला टोचेल त्याला धरा." त्या दिवशी चौकात गाड्यांचा घोळका धडधडत आला. बाईंनी सगळ्या अडवल्या, त्यात लेकीचीही होती. बाकीच्यांना दंड आणि लेकीला मोकळीक, हे काही बाईंच्याने झालं नसतं.

घरी ताटावर बसता बसता लेकीने विषय काढलाच. "आई, माझा सायलेन्सर कंपनीचा आहे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही."

"कानाला जास्तच वाटला गं."

"कान तुझे, गाडी माझी! उद्या भाजीवाला म्हणाला, हाताला किलोभर लागतंय, तर घेशील तू?"

पोरगी बोलत होती ते खरं होतं.

लेक दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायची. पुन्हा पावती फाटून गाडी जप्त झाली की काम गेलं. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. उंचीने बेताची, म्हणून गाडीवाली पोरं तिला मुंगी म्हणत. त्याच पोरांना घेऊन ती थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आमच्या गाड्या टोचतात ना? रविवारी बिनआवाजाच्या आणतो. पुलापासून चौकापर्यंत, ढकलत. मागणी एकच. आवाज मोजा, मग पावती फाडा."

साहेब नवीन होते. हसले. "तो चढ बघितलायस का? वाटेत एक जरी इंजिन सुरू झालं, तर सगळ्या गाड्या आत घेईन."

"आणि वर पोचलो तर?"

"तर यंत्र मागवतो. तोवर कानावर पावती नाही."

बाई दारातच उभ्या होत्या. लेकीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आईची वर्दी मध्ये आणायची नाही, हे तिचं तिनेच ठरवलेलं. बाईंना आतून भरून आलं, पण चेहरा त्यांनी कोरा ठेवला.

शनिवारी संध्याकाळी बाईंच्या खिडकीखाली बोलणं चाललं होतं. ढोल्या म्हणून एक पोरगा होता; त्याची गाडी गल्लीत शिरली की तान्ही बाळं दचकून उठायची.

"तू येऊ नकोस," लेक त्याला सांगत होती. "आधी मूळचा सायलेन्सर बसव, मग माझ्यामागे उभा राहा."

"अगं मुंगे, मग मजा काय राहिली?"

"मजा तुझी आणि मार आम्हाला होय रे?"

ढोल्या कुरकुरत गेला. पण गॅरेजकडेच गेला.

रविवारी बाई चढाच्या माथ्यावर, आपल्या चौकात उभ्या होत्या. शेजारी साहेब, हाताची घडी घालून. खालून रांग दिसू लागली. इंजिनं बंद, हेल्मेटं हँडलला अडकवलेली. ऐकू येत होती ती टायरांची खरखर आणि माणसांचे श्वास. सगळ्यात पुढे लेक. गाडी तिच्याहून केवढी तरी थोराड, आणि ती दोन्ही हातांनी हँडल धरून पावलापावलाने वर येत होती.

चढाच्या ऐन कठीण जागी तिचा पाय घसरला. गाडी वीतभर मागे आली. बाईंचं एक पाऊल आपसूक पुढे पडलं, ते त्यांनी तिथेच रोवलं. लेकीचा अंगठा सवयीने इंजिन सुरू करायच्या बटणापाशी गेलेला त्यांना दिसला. नुसता टेकवायचा अवकाश, गाडी झर्रकन वर येईल, असं त्यांना वाटलं. लेकीने अंगठा उचलला, सीटला खांदा लावला, आणि गाडी पुन्हा हलली.

तेवढ्यात सिग्नल बदलला. आता आडव्या रस्त्याच्या गाड्या सुटणार, आणि रांगेला चढावरच थांबावं लागणार. बाई भर चौकात गेल्या आणि आडव्या रस्त्यापुढे हात उभा केला.

"बाई! त्यांना हिरवा आहे!" साहेब ओरडले.

"असू दे, साहेब. चढावर थांबलेली गाडी मागच्या माणसाच्या अंगावर येते. माझ्या चौकात मी ते होऊ देणार नाही." आवाज तसाच मऊ, पण हात तसूभर हलला नाही.

अडलेल्या मोटारींनी एकसाथ हॉर्न लावले. कान किटले. रांगेतून ढोल्या घामाघूम चेहऱ्याने ओरडला, "मावशी, यांनाही धरा की! टोचतंय!" सगळी रांग हसली. साहेबांनाही हसू आवरेना, त्यांनी तोंड फिरवलं.

लेक माथ्यावर पोचली. गाडी स्टँडला लावली. धाप एवढी, की शब्द फुटेना; तिने खिशात हात घातला आणि साहेबांसमोर नुसता तळवा उघडा धरला. गाडीची किल्ली त्यात होती, खाली पुलापाशीच गाडीतून काढून घेतलेली. कुणाला शंकाच नको म्हणून तिने ती सगळा चढ खिशात ठेवली होती. बटण दाबलं असतं तरी इंजिन सुरू झालंच नसतं. साहेबांनी किल्लीकडे पाहिलं, मग मागून एकामागोमाग वर चढणाऱ्या पोरांकडे.

"मागवतो यंत्र," ते म्हणाले. "उद्याच कळवतो वर." मग जरा थांबून, "कुणाची गं पोर तू?"

लेक बोलायच्या आधीच चौकाच्या मधून आवाज आला. इतका खणखणीत, की हॉर्नवाल्यांनीही माना वळवल्या.

"माझी आहे, साहेब! माझी मुलगी!"

लेक हसली, घाम पुसला आणि म्हणाली, "आई, हात खाली घे आता. शेवटची गाडीही वर आली."