निलम्मा मावशीचा कडू घास

चुडाव्याच्या फलाटावर पाय टेकतो न टेकतो तोच नागुबाईनं सत्यशीलेच्या गळ्याला मिठी घातली आणि टाहो फोडला.

"गेली गं माय, गेली! सोन्यासारखं माणूस गेलं! येवढी सेवा केलीस अन् शेवटी काय लागलं गं तुह्या हाताला!"

काचीगुड्याची पॅसेंजर अजून उभीच होती. सत्यशीलेच्या एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा, अंगावर सुलतान बाजारातून घेतलेली पोपटी साडी. नागुबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. ती एवढी रडते म्हणजे अव्वा, आपली आई गेली. दुसरं कोण असणार? पेटी हातातून सुटून पायाच्या अंगठ्यावर पडली, तरी तिला कळलं नाही.

"कव्हा?" तिनं कसंबसं विचारलं.

"मलाच इचारती व्हय? तूच व्हतीस की उशाशी!" नागुबाईनं पदरानं नाक पुसलं. "शिवरुद्र म्हणत व्हता, दहा-बारा दिवस झाले. पर सुटली म्हण बिचारी निलम्मा. दोन वर्सं अंथरुणात म्हंजे काय खायचं काम हाय का?"

निलम्मा कोण, हे विचारायला सत्यशीलेनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिकीटखिडकीकडून अव्वा येताना दिसली. एक हात गुडघ्यावर, एक कमरेवर, पण स्वतःच्या पायानं चालत. मागं थोरला भाऊ शिवरुद्र. सत्यशीलेच्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं, ते आनंदाचं होतं. भागम्मानं मात्र लेकीला पाहताच तोंडाला पदर लावला, हंबरडा फोडला, तिला छातीशी धरलं आणि कानात कुजबुजली, "रड. जरासं तरी रड. घरी गेल्यावर सांगते."

आनंदाचं पाणी डोळ्यांतच सुकलं.

घरी गेल्यावर कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी, अठ्ठ्याऐंशी साली, सत्यशीला हैदराबादला गेली. औषधाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम, नारायणगुड्याला नोकरदार बायकांच्या वसतिगृहात खोली. शिवरुद्र स्वतः पोचवायला गेला होता. दोन वर्षं नोकरी करायची आणि मग परत यायचं, असं तिघांचं ठरलं होतं. ती गेली त्याच आठवड्यात शिवरुद्रच्या पिठाच्या गिरणीत कुणीतरी विचारलं, बहीण दिसत न्हाई ती? शिवरुद्रच्या तोंडून निघून गेलं, मावशीकडं गेली हैदराबादला. भागम्माचं माहेर बिदरकडचं, कानडी मुलखातलं. तिला चार भाऊ, बहीण एकही नाही. पण हे चुडाव्यात कुणाला ठाऊक? पुढं लोक विचारू लागले, मावशीकडं इतके दिवस कामून? मग मावशी आजारी पडली. दिवाळी झाली तरी पोरगी येईना, तेव्हा मावशीला लकवा मारला.

"कोणती बाजू गेली?" सत्यशीलेनं विचारलं. आवाज अगदी शांत होता. असा आवाज लागला की प्रयोगशाळेतली पोरं तिच्या वाटेला जात नसत.

"डावी," शिवरुद्र म्हणाला.

"बोलता यायचं का?"

"थोडं थोडं."

"अन् मी येते म्हणून पत्र टाकलं, तव्हा तुमी तिला मारून टाकली."

"मग काय करू?" शिवरुद्र उसळला. "लुळ्या मावशीला तशीच टाकून बहीण आली, असं सांगू गावाला? लोक तोंडात शेण घालतील!"

"मावशी नव्हतीच अण्णा!"

"हळू बोल! बिनलग्नाची बहीण परक्या शहरात एकटी राहती अन् पगार आणती, हे सांगायला पाह्यजे व्हतं का? आपली इज्जत हाय गावात."

त्या वर्षांत गावात विद्यापीठाच्या नामांतरावरून दोन तट होते. चावडीवर, गिरणीत, पारावर, जिथं चार माणसं जमत तिथं आवाज चढे. त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन आपली पोरगी काय काम करते, एवढं एक वाक्य सांगायला मात्र तिच्या सख्ख्या भावाची जीभ रेटली नव्हती. सत्यशीलेला या गोष्टीची भयंकर चीड आली. बिस्किटांचा पुडा तिनं भाच्याच्या पुढ्यात टाकला आणि माजघरात जाऊन बसली.

काय केलं होतं तिनं शेवटचा महिना? राजीनामा दिल्यावर हाताशी एक महिना होता. घरी तर जायचंच होतं, आणि मनापासून जायचं होतं. अव्वाचे गुडघे, भाच्याचे बोबडे बोल, जवळच्या पूर्णेच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा, सगळं बोलावत होतं. पण जाण्याआधी हे शहर पोटभर जगून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसून ती सिकंदराबादहून अफजलगंजला जाई आणि काही काम नसताना त्याच बसनं परत येई. झाडांच्या फांद्या काचेवर सपासप आपटत. रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं उकिडवं बसून चाळी. इराण्याच्या हॉटेलात एकटीच जाऊन चहा मागवला, तेव्हा आसपासच्या टेबलांवरची बोलणी थांबली. तिनं बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायला. बायकांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. आपल्या शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते हे तिला नववीपासून पाठ होतं. पण एका सकाळी बाईंनी पाठीखालचा हात काढून घेतला आणि ती आभाळाकडं तोंड करून तरंगत राहिली, तेव्हा ते वाक्य तिला पहिल्यांदा कळलं. ती एवढ्यानं हसली की नाकात पाणी गेलं.

हे सगळं अव्वाला सांगायचं, असं गाडीत मनाशी घोळवत ती आली होती. आणि इथं दोन वर्षं ती कुणाच्या तरी लुळ्या अंगाला तेल चोळत होती!

दुसऱ्या दिवसापासून कडू घास सुरू झाले. ज्या घरात माणूस गेलं त्या घराची चूल दुःखात पेटत नाही म्हणून शेजारपाजाऱ्यांनी भाकरी-पिठलं आणायचं, समोर बसून खायला लावायचं, ही रीत. आज नागुबाईची भाकरी, उद्या गल्लीतल्या दुसऱ्या कुणाची. बायका सत्यशीलेच्या दंडावरून हात फिरवत. "वाळली गं पोरगी. जागरणं करून करून डोळे आत गेले." डोळे आत गेले नव्हते. मेसमध्ये भात खाऊन ती चांगली बाळसेदार झाली होती. पण बायकांना जे दिसायचं तेच दिसत होतं. अव्वा मान हलवत होती आणि प्रत्येक घासाला सत्यशीलेचा संताप एकेक बोट वर चढत होता.

तिसऱ्या दिवशी ती मळ्यात गेली. विहिरीवरची विजेची मोटार तिच्या पगारातून आली होती. मोटारीच्या खोलीला नवा चुना मारलेला, आणि दाराशेजारी भिंतीवर पूर्णेच्या पेंटरकडून लाल ऑइलपेंटनं लिहून घेतलेलं: लिं. निलम्मा यांच्या स्मरणार्थ.

लिंगैक्य झालेल्या, वारलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो 'लिं.' सुद्धा पेंटर विसरला नव्हता.

त्याच संध्याकाळी भागम्मानं विषय काढला. "उद्या राणीसावरगावचे चन्नप्पा यायलेत. भेटायला म्हणून. सरकीचा मोठा व्यापार हाय. पोरगा बी चांगला हाय म्हणतेत."

"दुःखाला येणारा माणूस पोराचं कामून सांगतो?"

भागम्मानं शिवरुद्रकडं पाहिलं. बोलला तो शिवरुद्र. "त्यांची बायको तीन वर्सं झाले अंथरुणात हाय. घरात करणारं कोणी न्हाई. तुह्याबद्दल ऐकलं अन् त्यांनी आपल्या तोंडानं सोयरीक काढली. असं घर चालून येत न्हाई, शीला. अन् तुला तर सवय हाय की."

शिवरुद्रच्या ध्यानातही आलं नव्हतं आपण काय बोललो ते. तो थट्टा करत नव्हता. दोन वर्षं पीठ दळता दळता तेच तेच सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

"कशाची सवय, अण्णा?" सत्यशीलेनं विचारलं.

शिवरुद्रनं खाली पाहिलं. पण उद्याचा पाहुणा काही त्यानं रद्द केला नाही.

चन्नप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. सोबत त्यांची बहीण आणि फडक्यात बांधलेली भाकरी. कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतर स्वच्छ, आणि डोळ्यांखाली खरोखरीची काळी वर्तुळं. नागुबाई आणि गल्लीतल्या चार बायका दाराशी बसल्याच होत्या. चन्नप्पांनी रीतीनं चार शब्द बोलून घेतले, मग सत्यशीलेकडं वळले.

"माय, एक इचारू का? आमच्या घरातलीच्या पाठीला जखमा पडल्यात. मलम झालं, हळद झाली, काही गुण न्हाई. निलम्माबाईच्या अंगाला दोन वर्सांत एक जखम झाली न्हाई, असं शिवरुद्र म्हणत व्हता. तू काय लावत व्हतीस?"

सत्यशीलेनं मान वर केली. तिनं पाहिलं, माणूस खरंच विचारत होता. सून बघायचं सोंग त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"विभूती," शिवरुद्र मध्येच म्हणाला. "विभूती अन् एरंडेल. कालवून जखमेत भरायचं. सकाळ-संध्याकाळ."

"जखमेत भरायचं," चन्नप्पांनी ध्यानात ठेवण्यासाठी पुन्हा म्हटलं आणि बहिणीकडं पाहिलं. तिनं मान डोलावली.

"भरू नका!"

सत्यशीला एवढ्यानं ओरडली की अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या.

"राख भरू नका जखमेत. पू होईल, जास्त चिघळंल. मी काही लावत नव्हते. मला रोग्याचं काही म्हणता काही येत न्हाई. निलम्मा मावशी नव्हतीच. आमच्या अव्वाला बहीणच न्हाई."

"शीला!" शिवरुद्र उठला.

"बसा अण्णा! दोन वर्सं तुमी बोललात. मी औषधाच्या कारखान्यात व्हते. गोळीत औषध जेवढं लिहिलंय तेवढं हाय का, ते तपासायचं माझं काम. वसतिगृहात राहत व्हते. पोहायला शिकले. हॉटेलात एकटी चहा पीत व्हते. डबलडेकरच्या वर बसून सगळं शहर बघितलं." तिचा श्वास लागला होता. "अन् मला लय मजा आली."

नोकरीचं ऐकून बायकांनी भुवया वर केल्या होत्या. 'मजा' ऐकल्यावर एकीनं तोंडावर हात ठेवला.

पहिली बोलली ती नागुबाई. "म्हंजे मी फलाटावर कुणासाठी रडले गं? सगळ्या गाडीनं बघितलं की मला!"

चन्नप्पा उठले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "शिवरुद्र, तुझी मावशी खोटी असंल. माही बायको खरी हाय. तिच्या पाठीला राख भरली असती आज मी." दाराशी जाऊन ते थांबले. सत्यशीलेला म्हणाले, "मग काय करावं?"

"नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. अन् घडीघडीला कूस बदलायची, येवढं मी वाचलंय. केलं कधी न्हाई."

"वाचलेलं तरी खरं हाय ना?"

"हाय."

ते गेले. भाकरीचं फडकं मात्र तसंच राहिलं, गाठ न सोडलेलं. बायका एकेक करून उठल्या. आज रात्रीपर्यंत ही गोष्ट पूर्णेला पोचणार, हे त्यांच्या चालीवरूनच कळत होतं.

"झालं समाधान?" शिवरुद्र दात-ओठ खात म्हणाला. "आता कोण करंल तुह्याशी लग्न? जा, जा परत तुह्या हैदराबादला. पोहत बस!"

हेच तर त्याला सोपं होतं. ती गेली की पुन्हा एखादी मावशी उभी करता आली असती.

"न्हाई जाणार," सत्यशीला म्हणाली. "मी माझ्या मर्जीनं आले. इथंच राहीन, पूर्णेला शिकवायला रोज गाडीनं जाईन. अन् गिरणीत येऊन कोणी इचारलं, तर तुमी खरं सांगायचं. तुमाला जमत न्हाई, तर मी गिरणीत येऊन बसते."

तिनं रॉकेलचा डबा उचलला, जुन्या परकराची चिंधी घेतली आणि तडक मळ्याची वाट धरली.

रंग दहा-बारा दिवसांचाच होता, पुरता मुरला नव्हता. चिंधी रॉकेलात बुडवून, विटेच्या तुकड्यानं घासून, तिनं आधी 'स्मरणार्थ' काढलं. लाल राड चुन्यावर पसरली. खोली आधीपेक्षा वाईट दिसायला लागली, तरी ती घासत राहिली. मागं पावलं वाजली. वळून पाहायची गरज नव्हती. तो लंगडा ठेका तिच्या ओळखीचा होता.

भागम्मा विहिरीच्या कठड्यावर बसली. गुडघे चोळले. मग म्हणाली, "मावशी माझ्याच डोक्यातून निघाली व्हती. नाव बी मीच ठेवलं. शिवरुद्रला एकट्याला बोलू नको."

सत्यशीलेनं डबा जवळ ओढला. चिंधी पिळली. राग तसूभरही उतरला नव्हता. उलट आता तो दोघांत वाटून द्यावा लागणार होता.

"ती दोन मजली मोटार," भागम्मानं जरा वेळानं चाचरत विचारलं, "वर बसल्यावर, वळताना भीती वाटत न्हाई का गं?"

सत्यशीलेचा हात थांबला. दोन वर्षांत घरातल्या कुणी विचारलेला हा पहिलाच खरा प्रश्न होता. तिनं आईकडं पाहिलं नाही. 'निलम्मा'वर विटेचा तुकडा ठेवला आणि जोर लावला.

"वाटती," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाटती. म्हणून सगळ्यात पुढची सीट धरायची."