माठाखालचं फर्न

परळीत आधी राख पुसतात, मग चहा होतो. औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूची घरं खिडक्या लावून झोपतात, तरी सकाळी टीव्हीवर, फ्रिजवर, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर करडा थर असतोच. बजरंग निवृत्त झाले तेव्हापासून पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. शेजारची विजयमाला दारातून टोमणा मारायची, "भाऊजी, एक दिवस भिंतीचा रंगबी पुसून टाकताल."

"तू तुझं घर बघ की. तुझ्या टीव्हीवर हरभरा पेरता येईल."

घरात एकाच वस्तूला ते फडकं लावत नसत. माठाच्या तिवईखालच्या फर्नची पानं त्यांची बायको सत्यभामा स्वतः पुसायची. त्यांची एकुलती मुलगी ऋतुजा वनस्पतिशास्त्र शिकत होती. कॉलेजच्या सहलीत आंबोलीहून तिने ते रोप पिशवीत घालून आणलं होतं. परळीच्या उन्हात ते जगणार नाही, असं सगळे म्हणाले. तिने कुंडी माठाखाली सरकवली. माठ पाझरायचा, फर्न प्यायचं. "पाव्हणं हाय, सावलीत बसू द्या," ती म्हणाली होती.

गेल्या श्रावणात ऋतुजा तापाने गेली. फर्न राहिलं.

या उन्हाळ्यात तेही कडेने तपकिरी होऊ लागलं. नवा कोंब यायचा, तो वळलेल्या अवस्थेतच काळा पडायचा. नर्सरीवाल्याने कुंडी हलवून पाहिली. गड्डा एकच आहे, फोडून दोन करता येत नाहीत आणि हा आतून सडलाय, असं त्याने सांगितलं.

उरला तो एकच मार्ग. ऋतुजाने तो याच स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता सांगितला होता. फर्नला बी नसतं. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून बारीक पूड गळते, ती ओल्या मातीवर पेरायची. आधी हृदयाच्या आकाराच्या चपट्या, हिरव्या पापड्या मातीला चिकटून उगवतात. खरं फर्न त्यांच्यातून नंतर येतं.

ठिपके पिकलेलं शेवटचं पान सत्यभामाने कापलं, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलं आणि घडी फ्रिजवर ठेवली. बजरंगना काही सांगितलं नाही. उगवलं नाही तर एकटीलाच कळावं, असा तिचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी तिने पेढ्यांच्या पारदर्शक डब्यात माती भरली, दुसरं काही उगवू नये म्हणून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि ती निवेपर्यंत विजयमालाकडे जाऊन आली.

परत आली तेव्हा फ्रिज चकचकीत होता.

"इथला कागद कुठंय?"

"झटकला. लई धूळ होती त्याच्यात. एक वाळकं पानबी होतं."

"कुठं झटकला?"

"मागच्या दारात. कावून?"

सत्यभामा स्टुलावर बसली. "आवं, तीच पेरायची होती. पोरीच्या झाडाची."

बजरंग हातातल्या फडक्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला धुळीसारखीच दिसली. सांगायचं न्हाई का आधी?"

ती माठाखाली वाकली. कुंडीत आता एकही हिरवं पान नव्हतं.

बजरंग मागच्या दारात गेले आणि उकिडवे बसले. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेने त्यांनी पायरी खरवडली. हाती आली ती बहुतेक राखच होती. ती त्यांनी डब्यातल्या मातीवर चिमटीने भुरभुरली आणि झाकण लावलं. पुढे रोज सकाळी घर पुसून झालं की ते चष्मा लावून झाकणातून आत बघत बसायचे.

पावसाळा निम्मा सरल्यावर एक दिवस त्यांनी हाक मारली. "ऋतुजाची आई! आगं, ये लवकर!"

असा आवाज तिने गेल्या श्रावणानंतर ऐकला नव्हता. ती पिठाच्या हातांनीच आली. मातीवर हिरवं आलं होतं. तिने डबा उजेडाकडे धरला. पापड्या कुठेच नव्हत्या. सुताएवढे देठ उभे होते, त्यांना सुईच्या टोकासारखी पानं. दर पावसाळ्यात मोरीच्या भिंतीवर येतं ते शेवाळ होतं.

"तेच हाय ना?" बजरंगनी विचारलं.

"तेच," ती म्हणाली. "पर लई येळ लागतो त्याला. झाकण उघडू नका."

"न्हाई उघडत." त्यांनी झाकणावरची राख रुमालाने हलकेच टिपली. मग माठाखाली वाकून कुंडी बाहेर ओढली. "ही तयार करून ठेवतो. आधीचा गड्डा काढून टाकू का?"

सत्यभामाने हातावरचं पीठ चोळून काढलं. आंबोलीच्या लाल मातीचं एक ढेकूळ अजून त्या मुळांना धरून होतं.

"काढा," ती म्हणाली.