उषाबाई भेटायला आली

धावड्याहून माझी जाऊ उषाबाई भेटायला आली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बांधावरच्या लिंबावरून आमचा जुना अबोला. माझ्या पोराच्या लग्नालाही ती फिरकली नव्हती, आणि आता बिस्किटाचा पुडा मांडीवर घेऊन पदरानं डोळे पुसत बसली होती.

मला घरात सांगितलेलं, सायनस आहे. गाल सुजला, दात हलायला लागले, नाकातून रक्त यायचं, तरी सायनस. शहरातल्या डॉक्टरांनी तपासायला तुकडा काढला, तरी सायनसच.

ती गेल्यावर मी भागवतला, माझ्या पोराला, धरलं.

"उषी उगाच न्हाई आली. मला काय झालंय?"

"काही न्हाई आई, साधं..."

"मंग ती रडून काहून राह्यली?"

शेवटी सून शालूनं सांगितलं. कॅन्सर होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, वरचा अर्धा जबडा आणि डावा डोळा काढावा लागणार होता. भागवतनं परस्पर नको म्हणून सांगितलं होतं.

"लोकायला तोंड कसं दाखवशील, आई? ह्या वयात कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या भावकीला ठाऊक, धावड्यापर्यंत दवंडी गेलेली, आणि जिचं तोंड ती इथं वाफ घेत बसलेली! लोकांना माझं तोंड बरं दिसावं म्हणून मी मरायचं?

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांसमोर बसले. "डोळा माझा हाय. त्याला काय विचारता? मला विचारा."

डॉक्टर म्हणाले, आजार पुढे गेलाय, हमी देता येत नाही. टाळूला भोक पडेल, तिथं प्लेट बसवावी लागेल, नाहीतर प्यालेलं पाणी नाकातून येईल.

"काढा," मी म्हणाले. "एका डोळ्यानं बराबर दिसतं."

ऑपरेशन झालं, मशीनखाली किरणांचे शेक झाले. गालाला खड्डा पडला. प्लेट लावली की मात्र भागवतला माझ्या शिव्या स्पष्ट ऐकू जातात.

परवा तपासणीत डॉक्टर म्हणाले, सध्या कुठं काही दिसत नाही. भागवतनंही मान डोलावली. ह्यांचं खरं कसं मानायचं? एकदा फसवलेलं मी विसरले नव्हते.

परतताना भोकरदनच्या स्टँडवर उषाबाई दिसली. तिनं मला पाहिलं, नाक मुरडलं आणि पहिल्यासारखीच तोंड फिरवून निघून गेली.

तेव्हा कुठं माझा विश्वास बसला.