रनचा शेवटचा अर्थ

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत 'रन' (run) हा शब्द बाईंच्या वाट्याला आला, तेव्हा तीनच अक्षरांवर सुटलात म्हणून सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. धावण्यापासून नाक वाहण्यापर्यंत आणि दुकान चालवण्यापासून निवडणूक लढवण्यापर्यंत एकेक अर्थ बाईंनी जागच्या जागी बसवला. अडलं ते शेवटच्या अर्थावर. स्वेटरचा एक धागा तुटला की पुढे जे होत जातं, त्याला मराठी शब्द सापडेना. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत नोंद पुरी झाली नाही तर शब्द काढून घेईन, असं संपादकसाहेबांनी बजावलेलं.

"काय बाई, अजून पळतच आहात?" 'एक्स' (X) अक्षर सांभाळणारे एक्सवाले म्हणाले. त्यांचं अख्खं अक्षर दोन पानांत आटोपलं होतं. "द्या इकडे. उभ्या उभ्या उरकतो."

एवढं बोलून ते ऐटीत वळले आणि त्यांचा नवाकोरा स्वेटर टेबलाच्या खिळ्यात अडकला.

"अहो, बघत काय बसलात? सगळी वीण उसवत चाललीय!" ते ओरडले.

बाईंनी आधी 'वीण उसवत जाणे' असं ठसठशीत लिहिलं आणि मग त्यांना खिळ्यातून सोडवलं.

"उभ्या उभ्याच उरकलंत की हो!" असं म्हणून त्या नोंद घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या. सुट्टीला अजून अवकाश होता.