बहाव्याच्या आळ्यातलं पाणी

दुर्गाबाईनं फांदी हुंगली, पानं उलटी करून पाहिली, देठाजवळ नखानं टोकरलं आणि फांदी परत रामरावांच्या हातात दिली.

"यात काई नाई," ती म्हणाली.

"काई नाई म्हंजे?"

"म्हंजे दुखनं फांदीत नाई. पोट दुखलं त नख दाखवून काय होते? झाड पाहा लागन."

रामराव कामरगावहून सकाळच्या एसटीनं कारंज्याला आले होते. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी सगळा रस्ता मांडीवर धरली होती. आता ते विश्रामगृहाच्या आवारात तिला पुन्हा तसंच गुंडाळत बसले, जणू परत नेऊन लावायची आहे.

ओट्यावर लसूण सोलणारा खानसामा मोहनसिंग म्हणाला, की डाक्टरीनबाई आता परगावी जाऊन राह्यल्या, आणि आमच्या गुडघ्यावर मात्र त्यांच्याजवळ दवा नाही. दुर्गाबाईनं त्याला सांगितलं, तुझ्या गुडघ्याला पाला फुटला की कळव.

विश्रामगृहाची बाग ती नऊ वर्षं सांभाळत होती. आधी तिचा नवरा गोविंदा इथला माळी होता. तो गेला तेव्हा साहेबांनी तिला त्याच्या जागी हजेरीवर घेतलं. झाडांतलं तिला तेव्हा काही येत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं कांचनाची अकरा रोपं आणि पांढरा चाफा मारला. त्यानंतर मात्र एकेक रोग तिनं मेलेल्या झाडांकडून शिकून घेतला. खोडावर भुश्शाचं जाळं दिसलं की आत साल खाणारी अळी. भोकात तार घालायची, मग घासलेटचा बोळा, वरून चिखल. मुंग्यांची रांग लागली की वर कुठंतरी पांढरा पिठ्या, पिठासारखा किडा. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे नावं तिची तिनंच ठेवलेली. पण साहेब लोक त्या एवढ्या एका विषयात तिचं ऐकत.

"झाड कोनतं?" तिनं विचारलं.

"बहावा. आमच्या रामकिसननं नेला होता इथून. तुमीच देला होता."

तिला आठवला. तहसिलीच्या कामाला आलेला, कुंपणाबाहेरूनच फुलांचे पिवळे घोस पाहत उभा राहिलेला पोरगा. माझ्या लग्नापर्यंत फुलेल का, असं त्यानं विचारलं होतं. लगन लवकर होईन, ती म्हणाली होती, बहाव्याले पाच-सा वर्सं लागतात.

"त्यालेच पाठवायचं होतं," दुर्गाबाई म्हणाली.

"तो भादव्यात गेला," रामराव म्हणाले. "कावीळ झाली. नवव्या दिवशी गेला." एसटीची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "अकराची गाडी हाय."

दुर्गाबाईनं खुरपं घेतलं आणि मोहनसिंगला गुलाबांकडे पाहायला सांगितलं.

कामरगावात रामरावांच्या आळीत तिच्या सासऱ्याच्या काळी तिच्या जातीच्या माणसांना वाहाणा हातात घेऊन जावं लागे. ती चप्पल घालूनच गेली. कुणी काही बोललं नाही. त्या घरात एकूणच कुणी फारसं बोलत नव्हतं.

बहावा अंगणात होता. दीड पुरुष उंच, आणि भोवती विटांचं आळं, चांगलं दोन हात चढवलेलं. कोंबड्या-वासरांनी उकरू नये म्हणून मुलगा गेल्यावर रामरावांनीच ते बांधलं होतं. पानं पिवळी, लोंबलेली, शेंडे काळे. माघात एवढी पानगळ नसते. दुर्गाबाईनं पानांच्या पाठी पाहिल्या, अळी नव्हती. खोडाला कान लावला, हात फिरवला. भुस्सा नाही, वाळवी नाही, मुंगी नाही.

रामकिसनची आई गोजराबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्या मते यात पाहण्यासारखं काही नव्हतं. झाड तहानेनं मरतंय. सुनेला सांगितलं होतं पाणी घाल म्हणून. एवढं एक काम, तेही झालं नाही. हिच्या हातानं काही जगत नाही. किन्हीराजा गावाला हिच्या भावाला कार्ड टाकलं आहे, सोमवारी येऊन घेऊन जाईल, मग परत आणायचं नाही. सून दारातच उभी होती, तरी गोजराबाई हे सगळं अंडी न देणाऱ्या कोंबडीबद्दल बोलावं तशा सुरात बोलली. राग नव्हता. रागालाही थोडी ताकद लागते.

सून, विजयमाला, एकवीस-बावीसची असेल. अंगणात येऊ नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती येत नव्हती.

"पानी कोन टाकते मंग?" दुर्गाबाईनं विचारलं.

रामराव गोठ्याकडे पाहू लागले.

तिनं आळ्यात खुरपं खुपसलं. वीतभर खाली गेलं नाही तोच खड्ड्यात पाणी झिरपून आलं. काळी माती, वर विटांचा वेढा. पाणी गेलं कुठं असतं? तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि एक मूळ ओढलं. साल मोज्यासारखी निघून हातात आली. आतलं मूळ करडं, आणि वास आंबट.

हा वास तिला ठाऊक होता. गोविंदा गेल्यावर त्या पहिल्या उन्हाळ्यात ती विहिरीत पाणी असेपर्यंत झाडांना पाणी घालत असे. पाणी घालणं थांबलं, की खोलीवर जावं लागे. अकरा कांचनं अशानं गेली होती. तहानलेल्या झाडाची आणि बुडणाऱ्या झाडाची पानं सारखीच माना टाकतात, म्हणून पाहणारा आणखी एक घागर ओततो.

आणि इथं तर दुष्काळातून उठलेलं घर. गेल्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा रामकिसन घमेल्यात उभा राहून आंघोळ करायचा आणि ते घमेलं बहाव्याला ओतायचा. पाण्यानं झाड मरतं, हे या घरात कुणाला खरं वाटणार?

तिनं गाळ तळहातावर घेतला आणि बोटानं पसरला. एवढं पाणी एकट्या हाताचं नव्हतं. अळीची विष्ठा पाहावी तसं ती पाहत राहिली. राखेचे कण होते, काजळीचे पापुद्रे. तुरीच्या डाळीची सालं होती. आणि सरकीची टरफलं, कडब्याचे तुकडे.

नुसतं 'जास्त पाणी' म्हटलं, तर दोष दारातल्या पोरीच्या डोक्यावर पडणार होता. काहीच सांगितलं नाही तरी तिच्याच. म्हणून तिनं सगळंच सांगितलं.

"सकायी कोनी हंड्यातलं पानी टाकते," ती गाळाकडे पाहत म्हणाली. "दुपारी कोनी डायीचं धुवन टाकते. अन् दिवस मावळताना कोनी बैलाच्या बादलीतलं. तहानलं नाई हे झाड. बुडून राह्यलं."

गोजराबाईनं खांबाला टेकलेली पाठ सरळ केली.

"त्याच्या अंघोयीचं पानी असते," गोजराबाई म्हणाली. "चूल पेटली का हंडा ठेवल्या जाते. हाताले सवय हाय. मंग थंडं करून टाकतो. मले वाटलं कोनीच टाकत नाई."

"मलेही तसंच वाटलं," दारातून विजयमाला म्हणाली. "तुमी झोपल्या का येत होतो, आत्याबाई."

दोघींनी रामरावांकडे पाहिलं. ते गोठ्याकडे गेले आणि लोखंडी सब्बल घेऊन आले. आळ्याच्या विटा त्यांनी एकेक करून फोडल्या. साचलेलं पाणी अंगणभर पसरलं, कुणी त्यातून पाय उचलला नाही.

दुर्गाबाईनं मुळं उघडी केली, कुजलेली छाटली, चुना-मोरचूद कालवून लावलं, अर्धा पाला उतरवला. मुळं दिवसभर उन्हाला उघडी ठेवायला सांगितली. पाडव्यापर्यंत पाण्याचा थेंब नाही. वाचेल का, रामरावांनी विचारलं. अर्ध्याहून जास्त मुळं गेली आहेत, तिनं सांगितलं. पाडव्याला पालवी आली तर आली.

"मंग सकायी उठून मी काय करू?" गोजराबाईनं विचारलं.

हे तिनं खरोखरच विचारलं होतं, औषध कधी लावायचं असं विचारावं तसं. दुर्गाबाईला नऊ वर्षांत याचं उत्तर सापडलं नव्हतं. ती म्हणाली, "नखानं साल खरवडून पाहाजा. खालून हिरवं दिसलं त जीव हाय."

"रोज?"

"रोज नाई. आठ रोजानं एकदा. अन् एकीनंच."

ती निघाली तेव्हा गोजराबाई रामरावांना म्हणाली, की किन्हीराजाला दुसरं कार्ड टाका. म्हणावं, पाडव्यानंतर पाहू.

पाडवा होऊन आठवडा झाल्यावर कामरगावहून निरोप आला. विश्रामगृहातल्या बहाव्यांना तेव्हा कळ्यांचे घोस लोंबू लागले होते. दुर्गाबाई पुन्हा अकराच्या गाडीनं गेली.

रामराव शेतात होते. अंगणातल्या झाडावर पान नव्हतं. खोडाजवळ गेल्यावर तिला ते ओरखडे दिसले. गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत साल बारीक बारीक खरवडलेली, बुटक्या माणसाच्या हाताला येईल तिथं, त्याहून थोडं वर, आणि उंच माणसाच्या हाताला येईल तिथंही. आठ दिवसांनी एकदा आणि एकीनंच, असं ती सांगून गेली होती. न खरवडलेली जागा शोधायला तिला वेळ लागला. सापडली तिथं तिनं नख लावलं. खाली तपकिरी होतं, सुकं.

गोजराबाई तिच्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

"आमाले मालूम हाय," ती म्हणाली. "पंधरा रोज झाले."

"मंग मले बलावलं कायले?"

गोजराबाईनं खोडावर हात ठेवला. "तुमी त्याले पाह्यलं होतं," ती म्हणाली. "हे नेताना."

दुर्गाबाई म्हणाली, हो, पाहिलं होतं. मग तिनं कुंपणाची, फुलांकडे पाहण्याची, लग्नाच्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. छोटीच होती. गोजराबाईनं ती पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि आतून विजयमाला धुण्याची बादली घेऊन आली होती, ती तिथंच थांबून ऐकत राहिली.

झाड काढायचं का, दुर्गाबाईनं विचारलं. राहू द्या, गोजराबाई म्हणाली.

विजयमालानं बादलीतून सासूचं नऊवारी लुगडं उचललं आणि त्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ती मागे सरत गेली. लुगडं ताणलं गेलं, तेव्हा दोघी थबकल्या, एकमेकींकडे न पाहता दहा पावलं बाजूला झाल्या, आणि पाणी बहाव्याकडे जाणार नाही अशा जागी उभ्या राहून पिळू लागल्या.